निमताना

आठ महिने मी मूळव्याध समजून सुरण खात होतो.

रक्त रोज पडायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा, कधी दोनदा. थेंब थेंब गळणारं लालभडक नव्हे, जरा काळपट आणि शौचात मिसळलेलं. हे 'मिसळलेलं' फार महत्त्वाचं होतं, पण तेव्हा एवढं निरखून बघतंय कोण! वडिलांना मूळव्याध होती, आजोबांना होती, तेव्हा वारसाहक्कानं आपलंही नाव लागलं, असं धरून चाललो. सुरण, दुपारी ताक, रात्री इसबगोल. आठवडी बाजारातल्या मूळव्याध-भगंदरवाल्याची पुडीसुद्धा नेमानं घेतली. बायकोला पुडीचं तेवढं सांगितलं नव्हतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. वय ५४. सातारा जिल्ह्यात उन्हाळा हा आमचा हंगाम. पिकं निघालेली असतात, बांध उघडे पडलेले असतात आणि भाऊबंद भांडायला मोकळे असतात. नोकरीला लागलो तेव्हा साखळी आणि प्लेन टेबल होतं, आता हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, असतं. चढ मात्र तोच आहे. त्या एप्रिलमध्ये एका डोंगरउतारावरच्या गटात दोन बांध चढलो आणि खालीच बसलो. छाती भात्यासारखी हलत होती. बरोबरचा शिपाई म्हणाला, "साहेब, ओठ पांढरे पडल्यात तुमचे." दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी कुशीवर झोपवून तपासलं. म्हणाल्या, "मूळव्याध आहे, पण अगदी पहिल्या पायरीची. एवढ्याशानं रक्त इतकं उतरत नाही. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं, की ते कुठून गळतंय हे आतून बघायचं. गोळ्या देऊन भागवायचं नाही." साताऱ्यातल्या पोटाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी मिळाली. त्यावर एकच शब्द होता, कोलोनोस्कोपी. म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघणं.

या तपासणीपेक्षा आदल्या रात्रीची तयारी जास्त लक्षात राहते. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद, कारण त्यांनी आतडं काळं दिसतं. दोन दिवस पालेभाजी नाही, बियांचं काही नाही, म्हणजे टोमॅटो, पेरू, वांगं सगळं बाद. आदल्या दिवशी भाताची पेज, गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं. आणि संध्याकाळी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर २ लिटर पाण्यात कालवून, दर १५ मिनिटांनी एक पेला. चव खारट-गोडसर, तिसऱ्या पेल्यानंतर नकोशी. नंतरच्या गोष्टींचं वर्णन करत नाही. पहाटेपर्यंत मी आणि संडासाची कडी, एवढंच जग उरलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण कित्येक जण इथेच कंटाळून पाव तांब्या ओतून देतात. मग आत घाण राहते, आणि नेमकी लहान गाठ त्या घाणीखाली दडते.

तपासणीच्या वेळी हलकी गुंगी दिली होती. मी झोपेत होतो असंही नाही आणि जागा होतो असंही नाही. डावीकडच्या पडद्यावर माझं आतडं दिसत होतं, ओलं, गुलाबी, रक्तवाहिन्यांच्या बारीक नक्षीचं. डॉक्टर पस्तिशीचे, शांत स्वभावाचे. नळी आत नेताना ते फारसे बोलले नाहीत. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथपर्यंत नळी गेली आणि मग परत येताना, हळूहळू, त्यांनी खरं बघणं सुरू केलं.

पहिली गाठ उजवीकडेच भेटली. पिवळसर, गुळगुळीत, बोराएवढी. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी चिमटा मिटूनच तिच्यावर टेकवला आणि दाबला. उशीवर बोट टेकवावं तसा खळगा पडला, चिमटा काढल्यावर भरून आला. "चरबीची गाठ. लायपोमा. हिला हात लावायचा नाही," म्हणाले आणि पुढे सरकले.

दुसरी मात्र ३० सेंटिमीटरवर, डावीकडच्या वळणदार भागात. पावसाळ्यात शेणकुटाजवळ अळंबी उगवते ना, हुबेहूब तशी. लांब देठ, वर लालसर, खडबडीत डोकं. इथे ते थांबले. एक बटण दाबलं आणि पडद्यावरचं सगळं गुलाबी जग हिरवट-निळसर झालं. फक्त निळ्या आणि हिरव्या पट्ट्यातला उजेड सोडायचा, रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून बारीक वाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात, हे मला नंतर कळलं. त्या उजेडात माझ्या अळंबीच्या डोक्यावर तपकिरी जाळी दिसत होती आणि तिच्यामधे पांढरट फांद्या-फांद्यांची रांगोळी.

मागाहून त्यांनी कागदावर काढून समजावलं. या उजेडात गाठीचे ढोबळ तीन प्रकार. पहिली फिकी, जाळी जवळजवळ नाहीच. ती बहुतेक निरुपद्रवी. दुसरी तपकिरी, पण रेघा शाबूत, आकार ओळखू येणारे. हा अडेनोमा, म्हणजे आज साधी पण वर्षानुवर्षं ठेवली तर बिघडू शकणारी. तिसरीत रेघा तुटलेल्या, मधेच मोकळ्या जागा, नक्षीच मोडलेली. तिथे कॅन्सर खोल गेलाय असं समजायचं. माझी गाठ दुसऱ्या प्रकारात बसत होती. "पण एका बाजूला जरा गर्दी आहे," असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. मी म्हटलं, "म्हणजे साधी?" ते म्हणाले, "काका, वरून दिसतं ते वरचं. देठात काय आहे हे काढून, कापून बघितल्याशिवाय कोणी सांगू नये."

देठाशी इंजेक्शन देऊन, तारेचा फास टाकून, वीज सोडून गाठ अखंड काढली. रक्त येऊ नये म्हणून बुडाला क्लिप लावली. मोजमाप २८ मिलीमीटर. गुदाशयात ४ मिलीमीटरची एक फिकुटलेली पुटकुळी होती, तीही घेतली. एका आतड्यात तीन गाठी, तीन जातींच्या. फॉर्मॅलिनच्या दोन बाटल्यांवर माझं नाव चिकटवलं आणि त्या पुतण्याच्या हातात दिल्या. तो मोटारसायकलवर पुढे बाटल्या लटकवून लॅबला गेला. माणसाच्या पुढच्या आयुष्याचा निकाल असा कॅरीबॅगमधून जातो, याचं मला अजूनही हसू येतं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. लहान पुटकुळी हायपरप्लास्टिक, म्हणजे काही नाही. मोठी ट्युब्युलोव्हिलस अडेनोमा, हाय ग्रेड डिसप्लेझिया, म्हणजे पेशी बऱ्याच बिघडलेल्या, आणि त्याखाली ठळक अक्षरात: देठात इन्व्हेझिव्ह अडेनोकार्सिनोमा, कापलेल्या कडेपासून १ मिलीमीटरच्या आत.

कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, त्या शब्दानं माणूस घाबरतो. मी अडखळलो ते 'इन्व्हेझिव्ह'पाशी. अतिक्रमण! सबंध नोकरी हा शब्द मी दुसऱ्यांच्या जमिनीबद्दल लिहीत आलो.

आणि प्रकरण खरोखरच हद्दीचं निघालं. आतड्याच्या भिंतीला सर्वांत आत अस्तर असतं, त्याच्या तळाशी स्नायूची एक अगदी पातळ पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे सैल थर, ज्यात मोठ्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या वाहतात. पेशी कितीही बेढब झाल्या तरी जोवर त्या पट्टीच्या अलीकडे आहेत, तोवर मोठ्या आतड्यात त्याला पसरणारा कॅन्सर म्हणत नाहीत. अलीकडच्या बाजूला पसरायला वाटाच जवळजवळ नसतात. पट्टी ओलांडली की कॅन्सर. तेव्हा साधी की कॅन्सरची हा प्रश्न गाठीच्या आकाराचा नाही, रक्त पडण्या-न पडण्याचा नाही, दुखण्याचा तर नाहीच. बांध ओलांडला का, एवढाच आहे.

सीटी स्कॅन झाला, स्वच्छ आला. रक्तातलं सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक द्रव्य, ३.१ आलं, मर्यादेत. आमच्या घरात पेढे वाटायची तयारी सुरू झाली. मेहुणे म्हणाले, "बघा, स्कॅनमध्ये काही नाही, चुकीचा असणार तो रिपोर्ट." डॉक्टरांनी ती हवा तिथेच काढली. स्कॅनला यकृतातली गाठ दिसते, देठातल्या चार पेशी दिसत नाहीत. आणि सीईए सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही पुष्कळदा नीट असतं, उलट विडी ओढणाऱ्याचं काही नसतानाही वाढलेलं सापडतं. निदानासाठी ते वापरायचंच नाही.

पुण्याच्या सर्जननी सरळ सांगितलं. गाठ निघाली आहे, पण कडेच्या इतक्या जवळ कॅन्सर असेल तर मागे काही राहिलं असण्याची आणि शेजारच्या लसीकाग्रंथींत गेलं असण्याची शक्यता उरते. तो आतड्याचा तुकडा ग्रंथींसह काढलेला बरा. दुर्बिणीतून होईल, आठवडाभर रुग्णालयात. मला त्यांचं काही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. हातातल्या कागदावर तो सल्ला बरोबरच होता. तारीख ठरली. बायको देवघरापुढे जास्त वेळ बसू लागली. मी रजेचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय' एवढंच घातलं.

चार दिवसांनी साताऱ्याच्या डॉक्टरांचाच फोन आला. "काका, मला ती गाठ अजून डोळ्यासमोर दिसतेय. वरची नक्षी शाबूत होती, देठ मऊ होतं, फास सहज बसला. रिपोर्ट बरोबर असेलही. पण ऑपरेशनआधी त्या स्लाइड फक्त पोटाच्याच गाठी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून जाऊ देत."

मी म्हटलं, "म्हणजे निमताना."

त्यांना शब्द कळला नाही. आमच्याकडे मोजणी मान्य नसेल तर खातेदार निमताना मोजणीचा अर्ज करतो. मग मूळ मोजणीदाराचा वरिष्ठ त्याच जमिनीवर येतो आणि जुनी टिपणं, नकाशा घेऊन पहिल्यापासून मोजतो. माझ्याही मोजण्यांवर निमताना झाल्या आहेत. दोनदा माझी हद्द चुकलेली निघाली. पहिल्यांदा फार लागलं होतं. त्यामुळे पहिल्या पॅथॉलॉजिस्टवर मला राग धरता आला नाही.

लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागायचे असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याला वाटतं रिपोर्टचा कागद म्हणजे सगळं. खरी वस्तू असते ती मेणात बसवलेला मांसाचा तुकडा, टपाल तिकिटाएवढा. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड. ब्लॉक असला तर नवे काप काढता येतात. अर्ज, ओळखपत्र, पोच, आणि एक छोटी प्लॅस्टिकची डबी हातात आली. लॅबवाला म्हणाला, "गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे." मे महिना होता. सातारा ते मुंबई एसटीत ती डबी मी ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्यानं विचारलं, मिठाई का? मी हो म्हटलं.

मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्ट बाई साठीच्या आसपासच्या असाव्यात. सहसा या विभागात रुग्ण समोर येतच नाही, खिडकीतून डबी देऊन जातो. मी खिडकीशी रेंगाळत राहिलो. त्या बाहेर आल्या तेव्हा काय बोलावं सुचेना, म्हणून "मी मोजणी खात्यात आहे, हद्द कशी ठरवता ते बघायचं होतं," एवढंच म्हणालो. त्या हसल्या आणि दोन माणसांना एकदम बघता येतं अशा सूक्ष्मदर्शकाशी मला बसवलं. हे माझं नशीब. सगळ्यांना असं दाखवतात असं समजू नका.

जांभळा आणि गुलाबी, दोनच रंग. त्यांनी आधी गाठीचं डोकं दाखवलं. ग्रंथी एकमेकींना चिकटून, पेशींची केंद्रकं जांभळी, लांबुळकी, रांगा सोडून वर सरकलेली. हे हाय ग्रेड. मग त्या खाली देठाकडे आल्या. गुलाबी धाग्यांची एक पट्टी दिसली, जागोजाग विस्कटलेली. "हा तुमचा बांध." आणि पट्टीच्या खाली, जिथे असू नयेत तिथे, तशाच जांभळ्या ग्रंथींचा एक पुंजका. मलासुद्धा दिसत होतं. अतिक्रमण होतंच की!

"बांधापलीकडे माती सापडली म्हणजे शेजाऱ्यानं बांध कोरला असंच होतं का?" त्यांनी विचारलं. मला ओढ्याकाठची शेतं आठवली. पुरात बांध फुटतो आणि इकडची माती पलीकडे जाऊन बसते. ती कोणी चोरलेली नसते.

आतड्याच्या त्या वळणदार भागातले स्नायू जोरकस असतात. लांब देठाची गाठ तिथे येता-जाता पिळवटली जाते, आत रक्त साकळतं, आणि दाबानं वरच्या ग्रंथी पट्टीच्या फटीतून खाली ढकलल्या जातात. खाली गेलेल्या दिसतात, पण शिरलेल्या नसतात. १९७०च्या दशकापासून हा सापळा माहीत आहे आणि तरी अनुभवी माणसं त्यात अडकतात, असं बाई म्हणाल्या. ओळखायचं कसं, तर एका खुणेवर नाही. खाली गेलेल्या ग्रंथींभोवती वरच्या अस्तराचा मऊ ऊतक सोबत आला आहे का, शाल गुंडाळल्यासारखा? पुंजक्याची कड गोल आणि सलग आहे का? खाली वरच्यापेक्षा पेशी जास्त बिघडलेल्या तर नाहीत? आजूबाजूला जुन्या रक्ताचा तपकिरी गंज आहे का? खरा कॅन्सर घुसतो तेव्हा ग्रंथी टोकदार, एकेकट्या, वेड्यावाकड्या असतात आणि शरीर त्यांच्याभोवती व्रणासारखा घट्ट, धागेदार ऊतक तयार करतं. माझ्या काचेवर गंज होता, शाल होती, बहुतेक ठिकाणी.

"बहुतेक?" मी विचारलं.

"एका कोपऱ्यात शाल दिसत नाहीये. तेवढ्यासाठी ब्लॉक आणलात ते बरं झालं. आणखी खोल काप घेते, लोहाचा रंग लावते, स्नायूचा रंग लावते, आणि सहकाऱ्याला दाखवते. आज काही बोलणार नाही."

सहा दिवस. पहिल्या आठ दिवसांपेक्षा हे अवघड गेले. तेव्हा काही माहीत नव्हतं. आता तो कोपरा माहीत होता.

तिथल्या बाकावर एक मुलगी भेटली होती, वडिलांच्या स्लाइड घेऊन आलेली. त्यांच्या गावच्या रिपोर्टमध्ये साधी गाठ लिहिली होती, इथे कॅन्सर निघाला. ती रडत नव्हती, फॉर्म भरत होती. निमताना मागणाऱ्या खातेदारालाही वाटतं की फेरमोजणी म्हणजे आपल्या बाजूनं निकाल. तसं नसतं. पूर्वीपेक्षा दोन गुंठे कमी भरलेले मी पाहिले आहेत.

रिपोर्ट ई-मेलवर आला. खोल कापांत त्या कोपऱ्यातल्या ग्रंथी वरच्या अस्तराशी जोडलेल्या सापडल्या होत्या. लोहाचा रंग निळा उतरला होता, म्हणजे जुना रक्तस्राव पक्का. निदान: हाय ग्रेड डिसप्लेझियासह ट्युब्युलोव्हिलस अडेनोमा, देठात ग्रंथींचं विस्थापन, इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा नाही, गाठ पूर्ण निघालेली. शेवटी एक ओळ, की दोन पॅथॉलॉजिस्टनी स्वतंत्रपणे पाहिलं आहे. मी तो कागद बायकोला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, नाही म्हणजे नक्की नाही ना?" मी म्हटलं, नक्की नाही. मग दोघांनाही हसू आलं, कारण मराठीत त्याचे दोन अर्थ होतात.

सर्जननी दोन्ही रिपोर्ट समोरासमोर ठेवून वाचले, मुंबईला फोन लावला, आणि ऑपरेशन रद्द केलं. "एक गिऱ्हाईक गेलं," म्हणाले, पण चेहरा हलका झाला होता. १ सेंटिमीटरपेक्षा मोठा, हाय ग्रेडचा अडेनोमा अखंड काढला असेल तर साधारण ३ वर्षांनी पुन्हा नळी घालून बघतात. माझी गोष्ट वळणावळणाची, म्हणून डॉक्टरांनी १ वर्षानंतरच बोलावलं. तेव्हा क्लिपच्या जागी फक्त पांढरा व्रण होता. हिमोग्लोबिन १३.६. लायपोमा आहे तिथेच आहे, त्याला आम्ही कोणी त्रास देत नाही.

एक काम राहिलं होतं. अशी गाठ सख्ख्या नात्यात निघाली की भाऊबहिणींनी, मुलांनी चाळिशीपासून तपासून घ्यायचं असतं. धाकटा भाऊ ४९चा. सहा महिने तो टाळत होता. आधी ऊसतोड, मग मुलीची परीक्षा, मग "मला काय, एक थेंब रक्त नाही." मी वाद घातला नाही. पावडरची पाकिटं विकत घेऊन त्याच्या घरी टेबलावर ठेवून आलो, वर चिठ्ठी लावली की तपासणीचे पैसे भरलेत.

काल रात्री दोन वाजता त्याचा फोन आला.

"दादा, किती पेले ते? माझ्याच्यानं होत नाही आता."

"रंग कसला येतोय?"

"ताकासारखा."

"मग अजून नाही. लिंबाच्या गाळलेल्या सरबतासारखं स्वच्छ आलं पाहिजे. पी."

"तू झोपला नाहीस का?"

"पी म्हटलं ना."